चाळीस टक्क्यांचा शनिवार : कांदा निर्यात शुल्क कसं लागू झालं, याचा प्रकरण अभ्यास

१९ ऑगस्ट २०२३, शनिवार. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावणारी अधिसूचना काढली. अंमल लगेच, मुदत ३१ डिसेंबरपर्यंत. आदल्या दिवसापर्यंत हे शुल्क शून्य होतं. सोमवारी, २१ तारखेला, लासलगाव, पिंपळगाव बसवंत आणि नाशिक जिल्ह्यातल्या बहुतेक बाजार समित्यांत लिलाव बंद पडले. व्यापारी खरेदीला उतरेनात, कारण आज घेतलेल्या मालाचा बंदरावरचा हिशेब कुणालाच मांडता येत नव्हता.

शुल्क लावायला हवं होतं की नको, यावर महाराष्ट्रात पोटभर भांडून झालं आहे. इथे मुद्दा निराळा आहे. कर आणायचाच ठरला, तर तो कोणत्या रीतीने आणावा? कांद्याचं प्रकरण त्यासाठी हाताशी आहे, कारण पुढच्या साधारण एकोणीस महिन्यांत सरकारने याच एका मालावर निर्यात शुल्क, किमान निर्यात मूल्य (ज्या भावाखाली माल बाहेर पाठवता येत नाही), संपूर्ण बंदी, किमान मूल्य अधिक शुल्क आणि शेवटी निम्मं शुल्क असे सगळे प्रयोग करून पाहिले. प्रत्येक वेळी अंमलाचे नियम वेगळे होते. हे सगळं तपासल्यावर जे दिसतं ते असं : दराने जेवढं नुकसान केलं, त्याच्या तोडीचं नुकसान तो लावण्याच्या पद्धतीने केलं, आणि हे दुसरं नुकसान टाळता येण्यासारखं होतं.

ऑगस्टमध्ये सरकारला काय दिसत होतं

आधी सरकारची बाजू नीट मांडू. जुलै २०२३ मध्ये किरकोळ महागाईचा दर ७.४४ टक्क्यांवर गेला होता आणि त्यात टोमॅटोचा वाटा मोठा होता. टोमॅटोनंतर कांदा, ही धास्ती दिल्लीत होती आणि ती निराधार नव्हती. त्या वर्षी मार्च-एप्रिलच्या अवकाळी पावसाने उन्हाळ कांद्याची टिकवण क्षमता मार खाऊन बसली होती. उन्हाळ, म्हणजे रब्बीचा, कांदा एप्रिल-मेमध्ये चाळीत, म्हणजे हवेशीर साठवण शेडमध्ये, जातो आणि दिवाळीच्या आसपासपर्यंत देशाला पुरवावा लागतो. ओल लागलेला माल ऑगस्टमध्येच कोंब धरू लागला, की खरिपाचा लाल कांदा येईपर्यंतची दरी रुंदावते. वर ऑगस्ट २०२३ हा १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. म्हणजे लाल कांदाही उशिरा येणार, हे दिसत होतं.

शेतकऱ्याच्या बाजूनेही त्याच वर्षाकडे बघायला हवं. फेब्रुवारी-मार्चमध्ये लाल कांद्याचे भाव इतके कोसळले होते की राज्य सरकारला क्विंटलमागे ३५० रुपये अनुदान, तेही कमाल २०० क्विंटलपर्यंत, जाहीर करावं लागलं. त्या तोट्यानंतर चाळीत राखलेला उन्हाळ कांदा हीच वर्षाची भरपाई होती. ती हाताशी येऊ लागली आणि शुल्क आलं. भाव पडतो तेव्हा बाजार मोकळा, चढतो तेव्हा सरकार जागं, ही नाशिककडची तक्रार जुनी आहे. या वर्षी ती सहा महिन्यांच्या आत दोन्ही टोकांनी खरी ठरली.

संसदेचं पावसाळी अधिवेशन ११ ऑगस्टला संपलं होतं. शुल्क आलं आठव्या दिवशी. कायद्याने याला हरकत नाही. सीमाशुल्क दर कायदा, १९७५ च्या कलम ८ नुसार तातडीची गरज असेल तर केंद्र सरकार अधिसूचनेने निर्यात शुल्क लावू किंवा वाढवू शकतं. अट एवढीच की ती अधिसूचना नंतर संसदेपुढे ठेवून ठरावाने मंजुरी घ्यायची. आधी वसुली, मग चर्चा. अर्थसंकल्पातला कर निदान एका ठरलेल्या दिवशी येतो. कलम ८ चा कर कोणत्याही दिवशी येऊ शकतो.

कर लागण्याचा नेमका क्षण

व्यवहारात सगळं अडतं ते एका साध्या प्रश्नावर : कुठल्या टप्प्यावर असलेल्या मालाला नवा दर लागतो? माल बाजार समितीत घेतला त्या दिवसाचा? परदेशी खरेदीदाराशी सौदा झाला त्या दिवसाचा? कंटेनर खळ्यावरून निघाला तेव्हाचा?

यातला एकही नाही. सीमाशुल्क कायदा, १९६२ च्या कलम १६ प्रमाणे निर्यात मालाला तो दर लागतो, जो अधिकाऱ्याने माल चढवायची परवानगी दिली त्या दिवशी लागू असेल. या परवानगीला बंदरावर सगळे ‘लेट एक्सपोर्ट ऑर्डर’ किंवा नुसतं ‘एलईओ’ म्हणतात. तिच्या आधीचे टप्पे कितीही पार झालेले असले तरी त्यांचा उपयोग शून्य.

नाशिकच्या कांद्याच्या वाटेवर हे टप्पे किती लांब आहेत ते पाहा. लिलावात घेतलेला माल व्यापाऱ्याच्या खळ्यावर जातो. तिथे प्रतवारी होते, गोल्टी म्हणजे बारका कांदा आणि खराब कांदा वेगळा निघतो. मग माल जाळीच्या पिशव्यांत भरून कंटेनरमध्ये लागतो. कंटेनर रस्त्याने न्हावा शेवाला येतो. शिपिंग बिल ऑनलाइन दाखल होतं, वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं, गरज पडली तर तपासणी होते आणि मग एलईओ मिळते. लिलाव ते एलईओ यात चार-सहा दिवस सहज जातात. मध्ये सुट्टी आली किंवा जहाज पुढे ढकललं गेलं तर जास्त. या सगळ्या काळात मालाचे पैसे चुकते झालेले असतात आणि डॉलरमधला विक्रीभाव पक्का झालेला असतो.

एक कंटेनर घेऊ. चाळीस फुटी रीफर, म्हणजे शीत कंटेनर, २९ टन कांदा. समजा सौदा टनाला ३२० डॉलर एफओबीने, म्हणजे माल जहाजावर चढवेपर्यंतच्या भावाने, झाला आहे. मालाची किंमत ९,२८० डॉलर. ४० टक्के शुल्क ३,७१२ डॉलर. डॉलर ८३ रुपये धरला तर ३ लाख ८ हजार रुपये. निर्यातदाराला किलोमागे रुपया-दीड रुपया सुटेल असं मानलं, तर कंटेनरमागे नफा २९ ते ४३ हजार. म्हणजे एलईओ शुक्रवारऐवजी सोमवारी मिळाली, तर एका कंटेनरने सात ते दहा कंटेनरांचा नफा गिळला.

हा भार खरेदीदारावर टाकता येत नाही. एफओबी सौद्यात निर्यातीची परवानगी आणि निर्यातीवरचा कर ही विकणाऱ्याची जबाबदारी असते. कोलंबोचा किंवा मलेशियातल्या पोर्ट क्लांगचा खरेदीदार म्हणतो, कर तुमच्या देशाचा आहे, तुम्ही भरा. निर्यातदारापुढे दोन वाटा उरतात. शुल्क भरून माल चढवायचा, नाहीतर ‘बॅक टू टाउन’, म्हणजे कंटेनर बंदरातून परत बाहेर काढायचा. परत काढायचा तर कागदपत्रं रद्द, शिपिंग कंपनीचा विलंब आकार, विजेच्या जोडणीचं भाडं, हमाली, आणि आत घाम धरलेल्या कांद्याची दुसऱ्यांदा निवड. ऑगस्टच्या दमट हवेत चार दिवस थांबलेला कंटेनर उघडला की वरच्या थरापेक्षा खालच्या थराचा वास आधी येतो. तो माल मग देशी बाजारात पडेल त्या भावाने विकला जातो.

वेळेच्या काट्यावरचा हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंतही जाऊन आला आहे, फक्त तिथे माल आयातीचा होता. पुलवामा हल्ल्यानंतर १६ फेब्रुवारी २०१९ ला पाकिस्तानातून येणाऱ्या मालावर २०० टक्के आयात शुल्क लावलं गेलं. ई-राजपत्रावर अधिसूचना चढली रात्री ८ वाजून ४६ मिनिटं ५८ सेकंदांनी. अटारीला त्याच दिवशी त्याआधी कागदपत्रं दाखल केलेल्या आयातदारांकडूनही वाढीव शुल्क मागितलं गेलं. सप्टेंबर २०२० मध्ये न्यायालयाने निकाल दिला की ई-राजपत्राच्या काळात अधिसूचना चढण्याचा नेमका क्षण महत्त्वाचा, आणि त्याआधी दाखल झालेल्या मालाला जुनाच दर लागेल. आयातदारांना न्याय मिळाला, पण दीड वर्षाने. खजूर आणि सिमेंटवाले इतकं थांबू शकतात. कांदा थांबत नाही.

सरकारचा युक्तिवाद आणि सहा दिवसांनी आलेला तांदूळ

अचानकपणाचं समर्थन सोपं आहे आणि त्यात तथ्य आहे. पंधरा दिवस आधी सांगितलं, तर त्या पंधरा दिवसांत जमेल तेवढा माल बाहेर जाईल, देशातला साठा आणखी आटेल आणि ज्यासाठी शुल्क लावायचं तेच बिघडेल. निर्यात रोखणाऱ्या कुठल्याही उपायाला ही अडचण असते. त्यामुळे ‘पूर्वसूचना द्या’ ही सरसकट मागणी टिकत नाही.

पण सौदा न झालेला माल आणि वाटेत असलेला माल यात फरक आहे. पहिल्याला अचानक दर लावल्याने निर्यात थांबते. दुसऱ्याला लावल्याने फक्त दंड बसतो. कर हा पुढच्या वागणुकीवर परिणाम करायला असतो. बंदराच्या फाटकात उभ्या कंटेनरची वागणूक बदलायची नसते, तो आधीच भरलेला असतो.

हा फरक सरकारला कळत नव्हता असंही नाही. २५ ऑगस्टला, कांद्यानंतर बरोबर सहा दिवसांनी, उकड्या तांदळावर २० टक्के निर्यात शुल्क आलं. त्यात सोय होती : सीमाशुल्क हद्दीतल्या बंदरात पडून असलेला, एलईओ न मिळालेला, पण २५ ऑगस्टआधीचं वैध पतपत्र (खरेदीदाराच्या बँकेने दिलेली पैशांची हमी) पाठीशी असलेला तांदूळ शुल्कातून मुक्त. म्हणजे हवी ती ओळ लिहायला येत होती. १९ तारखेच्या कांद्याच्या अधिसूचनेत ती नव्हती, एवढंच.

पतपत्राच्या अटीला मात्र स्वतःचा रोग आहे. मे २०२२ मध्ये गव्हाची निर्यात थांबवताना १३ मेपर्यंतच्या अपरिवर्तनीय पतपत्रांना सूट दिली होती. थोड्याच दिवसांत मागची तारीख घातलेली पतपत्रं येऊ लागली आणि विदेश व्यापार महासंचालनालयाला प्रत्येक पतपत्राची प्रत्यक्ष पडताळणी करायचा आदेश काढावा लागला. कांद्याच्या बाबतीत ही अट आणखी अडचणीची ठरली असती. बांगलादेशाकडे रस्त्याने जाणारा किंवा आखातात ओळखीवर जाणारा माल बऱ्याचदा आगाऊ पैसे घेऊन किंवा उधारीवर जातो, पतपत्रावर नाही. तिथे लहान निर्यातदार सुटले असते कसे?

यावर उत्तर सरकारच्याच दुसऱ्या दालनात होतं. बंदी किंवा किमान मूल्य आणतं ते वाणिज्य मंत्रालयाखालचं विदेश व्यापार महासंचालनालय, आणि त्याच्या अधिसूचनांत संक्रमणाच्या ठरीव अटी असतात : अधिसूचनेपूर्वी माल चढवायला सुरुवात झाली असेल, किंवा शिपिंग बिल दाखल होऊन जहाज धक्क्याला लागलं असेल, किंवा माल सीमाशुल्काच्या ताब्यात देऊन त्यांच्या संगणक प्रणालीत नोंद झाली असेल, तर तो जाऊ द्यायचा. ७ डिसेंबर २०२३ च्या कांदाबंदीत या अटी होत्या. यात कागदाची तारीख मागे नेता येत नाही, कारण नोंद सरकारच्याच यंत्रणेत असते. गंमत अशी की संपूर्ण बंदी असताना वाटेतल्या मालाला जी सवलत मिळाली, ती चाळीस टक्के शुल्क असताना मिळाली नाही. कडक उपाय मवाळपणे आला आणि मवाळ उपाय कडकपणे. कारण एवढंच की एक उपाय महसूल विभागाकडून आला, दुसरा वाणिज्य विभागाकडून.

शुल्क निर्यातदारावर, घट चाळीवर

पहिल्या आठवड्यातला फटका निर्यातदाराला बसला. नंतरचा कुठे गेला? ढोबळ आकड्यांनी पाहू. परदेशी खरेदीदार बंदरावर शुल्कासकट किलोला ३० रुपये द्यायला तयार आहे, त्यापुढे तो पाकिस्तान, इजिप्त किंवा चीनकडे वळतो असं समजा. बाजार समितीपासून बंदरापर्यंतचा खर्च, म्हणजे बाजार फी, हमाली, प्रतवारीतली घट, पिशव्या, वाहतूक, बंदराचा खर्च आणि नफा, किलोला ८ रुपये. शुल्क नसताना लिलावात २२ रुपये देता येतात. ४० टक्के शुल्क आल्यावर ३० रुपयांतला करपूर्व भाग उरतो २१ रुपये ४३ पैसे. त्यातून ८ वजा. लिलावात १३ रुपये ४३ पैसे. शुल्क ४० टक्के आणि शेतकऱ्याच्या भावातली घट ३९ टक्के. मधले आठ रुपये कमी होत नाहीत, त्यामुळे सगळा दाब टोकाच्या माणसावर येतो. खरेदीदार थोडा वाकून ३४ रुपयांवर आला तरी शेतकऱ्याला १६ रुपये २९ पैसेच.

प्रत्यक्षात ऑगस्टमध्ये भाव इतका पडला नाही. देशात सुमारे ३०० लाख टन कांदा पिकतो आणि २०२२-२३ मध्ये निर्यात होती सव्वापंचवीस लाख टन. देशी मागणीच भाव धरून ठेवते. पण निर्यातीचा माल हा निवडक, टिकाऊ, वरच्या प्रतीचा असतो. तोच बाजारात परत फिरला की लिलावातला वरचा भाव आधी उतरतो आणि त्यामागे सरासरी. कांद्याची मागणी भावाने फारशी हलत नाही, म्हणून पाच-आठ टक्के जादा माल भावात वीस-तीस टक्क्यांचा फरक पाडून जातो.

लिलाव बंद पडल्यावर २२ ऑगस्टला केंद्राने नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्थांमार्फत दोन लाख टन जादा कांदा क्विंटलला २,४१० रुपयांनी घेण्याचं जाहीर केलं. राखीव साठ्याचं लक्ष्य त्याआधीच तीन लाखांवरून पाच लाख टनांवर नेलं होतं. लिलाव २४ तारखेला सुरू झाले, पण धुसफूस राहिली. २० सप्टेंबरपासून नाशिकच्या व्यापाऱ्यांनी पुन्हा संप केला, तो ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत चालला. शुल्क मागे घ्या ही मागणी होतीच. शिवाय बाजार फी शंभराला एक रुपयावरून पन्नास पैसे करा आणि नाफेड-एनसीसीएफने बाजार समितीतच खरेदी करावी, या मागण्याही होत्या. या शेवटच्या मागणीत खरा सल होता. सरकारी खरेदी लिलावाबाहेर, संस्था आणि उत्पादक कंपन्यांमार्फत व्हायची. त्यामुळे २,४१० हा भाव वर्तमानपत्रात दिसे, पण ट्रॅक्टर लावून उभ्या शेतकऱ्याला लिलावात तो लागत नसे.

संप चालू असतानाच, २९ सप्टेंबरला, बंगळुरू रोज कांद्याला शुल्कातून सूट मिळाली. अट कर्नाटकच्या फलोत्पादन आयुक्तांच्या प्रमाणपत्राची. हा छोटा, लालभडक, देशात फारसा न खपणारा कांदा आहे. सूट तांत्रिकदृष्ट्या बरोबर होती. पण नाशिकमध्ये तिचा अर्थ एकच लागला. पुढे एप्रिल २०२४ मध्ये बंदी चालू असताना गुजरातच्या दोन हजार टन पांढऱ्या कांद्याला परवानगी मिळाली, तेव्हा तोच अर्थ पुन्हा लागला, आणि यावेळी मतदानाच्या तोंडावर. सवलत माल पाहून दिली की राज्य पाहून, हे अधिसूचनेतून कळत नसेल तर लोक आपल्या परीने ठरवतात.

टक्केवारीतली फट

ऑक्टोबरअखेर देशातले भाव शुल्काला न जुमानता चढले. लाल कांदा लांबला होता आणि चाळी रिकाम्या होत होत्या. शुल्क निर्यात कमी करतं, कांदा पिकवत नाही.

शिवाय टक्केवारीच्या शुल्कात एक फट असतेच. शुल्क जाहीर केलेल्या किमतीवर लागतं. ३२० डॉलरचा माल कागदावर २०० डॉलर दाखवला, तर शुल्क १२८ ऐवजी ८० डॉलर. टनाला ४८ डॉलर, म्हणजे किलोला जवळपास चार रुपये वाचतात. कांद्याला ठरीव जागतिक भाव नाही. प्रत, आकार, पॅकिंग यावर किंमत बदलते, त्यामुळे सीमाशुल्क अधिकाऱ्याला खोटं सिद्ध करणं अवघड. प्रामाणिक माणूस पूर्ण शुल्क भरतो आणि शेजारचा त्याच बाजारात स्वस्त विकतो.

२८ ऑक्टोबरला, पुन्हा शनिवारी, उपाय बदलला. टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य जाहीर झालं आणि ४० टक्के शुल्क काढून घेतलं. ८०० डॉलर म्हणजे किलोला सुमारे ६७ रुपये. आता फट उलटी झाली. कमी किंमत दाखवायची सोय गेली आणि जास्त दाखवायची गरज आली : कागदावर ८००, खरा सौदा त्याखाली, फरकाचा हिशेब कागदाबाहेर. शिवाय शुल्कात सरकारला निदान महसूल मिळतो. किमान मूल्यात तोही नाही.

डिसेंबरमध्ये बंदी आली. ८ डिसेंबरपासून निर्यात पूर्ण थांबली. चांदवडला मुंबई-आग्रा महामार्गावर रास्ता रोको झाला, शरद पवार त्यात उतरले. बंदीच्या काळात मित्रदेशांना ठराविक माल एनसीईएल या सहकारी निर्यात संस्थेमार्फत गेला. त्याविषयी निर्यातदारांचं मत काय होतं ते लिहायची गरज नाही.

रचनेच्या दृष्टीने त्यातल्या त्यात विचारी पाऊल आलं मे २०२४ मध्ये. ४ मेपासून बंदी उठली, त्याजागी ५५० डॉलर किमान मूल्य आणि वर ४० टक्के शुल्क. दोन्ही एकत्र आल्याने टक्केवारीची फट बुजली. ५५० च्या खाली कागद स्वीकारलाच जात नाही, म्हणून शुल्क किमान २२० डॉलर होणारच. किलोला सुमारे १८ रुपयांचा ठोक कर, दुसऱ्या नावाने. पण एकूण आकडा होतो ७७० डॉलर, म्हणजे किलोला ६४ रुपये, आणि या भावात कांदा घ्यायला बाहेर फार कुणी उभं नव्हतं. दार उघडलं आणि उंबरठा छातीएवढा ठेवला. नाशिक आणि दिंडोरीचं मतदान २० मेला होतं. दोन्ही जागा सत्ताधारी युतीने गमावल्या, दिंडोरीत तर केंद्रात राज्यमंत्री असलेल्या भारती पवार पडल्या. निकालाचं सगळं खापर कांद्यावर फोडणं बरोबर नाही, पण तिथल्या प्रचारात दुसरा विषय शोधावा लागत होता.

मुदत नावापुरती

या सगळ्यात सर्वांत कमी चर्चा झालेली गोष्ट मुदतीची. पहिलं शुल्क ३१ डिसेंबर २०२३ पर्यंत होतं, ते २८ ऑक्टोबरलाच बदललं. ८०० डॉलरची मुदतही ३१ डिसेंबरच होती, ती ८ डिसेंबरला बंदीखाली गेली. बंदी ३१ मार्च २०२४ पर्यंत होती, ती २२ मार्चला ‘पुढील आदेशापर्यंत’ लांबवली गेली. तीन तारखा दिल्या, एकही पाळली नाही.

तारीख हा शेतकऱ्यासाठी निर्णयाचा आधार असतो. निर्यात १ एप्रिलला सुटणार असं लिहिलेलं असेल, तर मार्चअखेर निघालेला कांदा तो विकत नाही, चाळीत टाकतो. चाळीतला कांदा महिन्यागणिक वजनाने घटतो. घट सोसून थांबलेल्या माणसाला मुदतीच्या नऊ दिवस आधी कळतं की थांबणं वाया गेलं.

अफवेचं बळ किती, तेही याच काळात दिसलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये बंदी उठल्याची बातमी पसरली. लासलगावचा भाव १७ तारखेच्या १,२८० रुपयांवरून १९ तारखेला १,८०० वर गेला, चाळीस टक्क्यांची उडी. मग केंद्रीय सचिवांनी स्पष्ट केलं की बंदी कायम आहे. त्या सोमवारी महाग घेतलेला व्यापारी आणि त्याआधी शनिवारी स्वस्त विकलेला शेतकरी, दोघंही बुडाले, आणि कुठलाही नियम बदललेला नव्हता.

बाहेरच्या ग्राहकांवरचा परिणाम सावकाश दिसतो. सप्टेंबर २०१९ च्या अचानक बंदीनंतर बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना यांनी दिल्लीत, उद्योजकांच्या बैठकीत, आधी कळवलं असतं तर बरं झालं असतं असं हसत हसत सांगितलं होतं. पुढच्याच वर्षी १४ सप्टेंबरला पुन्हा तसंच झालं. वारंवार असं घडलं की गिऱ्हाईक दुसरा पुरवठादार जोडून ठेवतो आणि आपला भाव कमी असतानाही त्याला थोडा माल देत राहतो. निर्यात २०२३-२४ मध्ये १७.१७ लाख टनांवर आली, आणि २०२४-२५ मध्ये १८ मार्चपर्यंत ११.६५ लाख टन भरली.

वेगळं काय करता आलं असतं

नवा कायदा न करता, आहे त्याच चौकटीत चार गोष्टी शक्य होत्या. पहिली आणि सर्वांत स्वस्त : महसूल विभागाच्या शुल्क अधिसूचनेत विदेश व्यापार महासंचालनालयाच्या संक्रमण अटी जशाच्या तशा घेणं. पतपत्र नको, सीमाशुल्काच्या प्रणालीतली नोंद पुरे. मागची तारीख घालायची सोय नाही आणि लहान निर्यातदारही वगळला जात नाही. याने सरकारचं नुकसान किती? बंदरात त्या दिवशी उभ्या असलेल्या कंटेनरांइतकं.

दुसरी गोष्ट, टक्केवारीऐवजी टनामागे ठोक रकमेचं शुल्क. खोट्या किमतीचा प्रश्नच संपतो. याला एक तोटा आहे : भाव पडल्यावर ठोक रक्कम जास्त बोचते. म्हणून तिसरी गोष्ट तिला जोडूनच हवी, ती म्हणजे भावाला बांधलेली पायरी. लासलगाव आणि पिंपळगावचा सरासरी भाव सलग दोन आठवडे अमुक आकड्याच्या वर राहिला तर शुल्काची पहिली पायरी, त्याखाली गेला तर आपोआप शून्य. आकडे आधीच जाहीर. ग्राहक व्यवहार विभाग देशभरातल्या केंद्रांवरून रोजचे भाव गोळा करतोच. याने सट्टेबाजी वाढेल ही शंका घेतली जाते आणि ती काही प्रमाणात खरी आहे : पायरी जवळ आली की माल घाईने बाहेर जाईल. पण ती घाई हळूहळू आणि सर्वांना दिसत होते. शनिवारच्या अधिसूचनेचा अंदाज घेणाऱ्यांची घाई काही थोड्यांनाच साधते.

चौथी, मुदत दिली तर पाळणं. ते जमणार नसेल तर तारीख छापू नये.

शेवटची दोन पावलं पाहिली तर अजून एक विसंगती समोर येते. १३ सप्टेंबर २०२४ ला, विधानसभा निवडणुकीआधी दोन महिने, किमान मूल्य काढलं आणि शुल्क २० टक्क्यांवर आणलं. मासिक निर्यात सप्टेंबरच्या ०.७२ लाख टनांवरून जानेवारी २०२५ मध्ये १.८५ लाख टनांवर गेली. उरलेलं २० टक्के शुल्क काढण्याची घोषणा झाली २२ मार्च २०२५ ला. तोही शनिवार. अंमल मात्र १ एप्रिलपासून. म्हणजे शुल्क लावताना एका तासाची सूचना नव्हती आणि काढताना दहा दिवसांची होती. कर घटणार हे कळलं की कुठलाही निर्यातदार ते दहा दिवस माल रोखून धरतो, आज २० टक्के भरून कोण जाईल? आदल्या दिवशी, २१ मार्चला, लासलगावचा सर्वसाधारण भाव होता क्विंटलला १,३३० रुपये. रब्बीचं पीक आदल्या वर्षीपेक्षा १८ टक्के जास्त, २२७ लाख टन अंदाजलं गेलं होतं आणि उन्हाळ कांद्याचे ट्रॅक्टर बाजार समितीकडे निघाले होते.